मी, अंजनाच्या कमरेचा चिमटा

माझी उंची बोटाएवढी. दोन पाय, एक डोकं, आणि पोट नाहीच. ज्याला पोट नाही त्यानं दुसऱ्याच्या पोटातल्या गोष्टी सांगू नयेत, हे मला कळतं. पण माझं सगळं आयुष्य कुणाच्या तरी पोटात काय शिजतंय याच्या शोधात गेलं, त्याला माझा इलाज नाही. काटा काढायचा चिमटा मी. पलूसजवळच्या एका वस्तीवर अंजना नावाची सून आहे, तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लोंबतो.

जन्म माझा दहिवडीचा, बाजाराच्या रस्त्याकडेला. पिंपाला बसवतात ती लोखंडी पट्टी घिसाड्यानं भट्टीत लाल केली आणि त्याच्या बायकोनं घण उचलला. नवरा सांडशीत धरून बसलेला, ती उभी राहून घाव घालणारी. माझी पहिली ओळख बाईच्या हाताशी झाली ती अशी. दुमडून, टोकं घासून तिनं मला एकदा स्वतःच्याच टाचेवर चालवून बघितलं. काटा निघाला, आणि मी पास झालो.

मला घेतलं धुळा धनगरानं. त्याच्या करगोट्याला दोन वर्षं मी बांधलेला होतो. माणदेशात काट्यांना तोटा नाही. बाभळीचा काटा सरळ असतो, निघताना सरळच निघतो. सराट्याचा काटा मोडतो आणि आत राहतो. मेंढराच्या खुरात, माणसाच्या टाचेत मी सारखाच शिरलो. दिवाळी झाली की धुळा कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा आणि बागायतदारांच्या रानात रात्रीची मेंढरं बसवायचा. शेताला खत होतं, धनगराला धान्य मिळतं. अशाच एका फेरीत, पंच्याहत्तर सालच्या कार्तिकात, तो अंजनाच्या सासऱ्यांच्या, नानासोंच्या रानात उतरला.

अंजनाची छबी तेव्हा रांगत होती. उसाच्या पाचटाचं कूस तिच्या तळहातात गेलं. अंजनानं सुई आणली, सुई बघून पोर किंचाळली, पोर किंचाळली म्हणून अंजनानं सुई ठेवली, आणि सुई ठेवून ती स्वतःच रडायला टेकली. धुळा बांधावरून बघत होता.

"वैनी, पोरीचा हात हिकडं करा," तो म्हणाला. "आन तुमी तिकडं बगा."

क्षणात कूस बाहेर आलं. छबीनं मला घट्ट पकडलं ते सोडेचना.

"ऱ्हाऊ द्या तिला," धुळा म्हणाला. "आमाला काय, दहिवडीला गेलं की दुसरा."

असा मी या घरात आलो. आल्यावर कळलं की या घराला माझ्यापेक्षा मोठा काटा बोचतो आहे.

अंजना अकरावी पास. नवरा मानसिंग फौजेत, वर्षातून एकदा रजेवर. तिनं कुठल्याशा माहितीपत्रकात वाचलं होतं की गावठी गाईला जर्सीचं बीज दिलं तर होणारी कालवड दुप्पट दूध देते. तिनं मानसिंगला पत्रावर पत्रं घातली, सासऱ्यांना पटवलं, आणि घरात पहिली संकरित गाय आली. तिला वेत झालं, बदामी रंगाची कालवड झाली. सगळं गाव बघायला आलं. आणि दोन महिन्यांनी, ऐन श्रावणात, गाईला ताप भरला. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली, डोळे पांढरेफटक झाले, आणि सहाव्या दिवशी ती गेली. शेजारी बांधलेल्या खिल्लारी बैलजोडीला मात्र शिंकसुद्धा आली नाही.

"शिकल्याल्या सुनंची शिकल्याली गाय," सासू चंद्राबाई म्हणाली होती. "ताप बी विंग्लिशच आला."

हे तिनं एकदाच म्हटलं होतं. अंजनाला ते रोज ऐकू यायचं.

मागे राहिलेल्या कालवडीला अंजनानं बाटलीनं दूध पाजलं. एका मांडीवर छबी, समोर कालवड, दोघींची तोंडं एकाच वेळी चालू. तिचं नाव बदामी. छबीला शिंक आली तर अंजना रात्रभर जागी असायची, आणि बदामीनं कान हलवला तरी तिला वाटायचं, झालं, आता हिचाही ताप सुरू. मी कमरेला होतो, मला कळायचं. तिचा श्वास वरच्यावर चालायचा.

आता गोचिडींचं सांगतो. या घरात गोचिडी काढायचा वार सोमवार. सोमवारी बैल जुंपायचा नाही, तो शंकराचा वार. मग बैलांना ओढ्यावर न्यायचं, धुवायचं, आणि सावलीला बसून त्यांच्या कानामागच्या, शेपटीखालच्या गोचिडी वेचायच्या. घमेल्यात निखारे ठेवायचे आणि एकेक गोचीड त्यात टाकायची. फट्‌ करून फुटते. बैल झाले की घरची गावठी गाय, गाय झाली की कालवड. वेचायच्या त्या फुगलेल्या, तुरीच्या डाळीएवढ्या. बारकी चपटी दिसली तर चंद्राबाई म्हणायची, "ही ऱ्हाऊ दे, बोटात घावत न्हाई. फुडल्या सोमवारी मोठी हुईल." पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं. वाईट काय त्यात? मलाही काही वाटलं नव्हतं. मी आपला चिमटा, मला कोण विचारतं.

शहात्तरच्या वैशाखात एका दुपारी अंजना छबीची वेणी घालत होती. वेणी म्हणजे चार केसांची शेंडी. कानामागे तिच्या बोटाला तीळ लागला. तीळ हलला. त्याला पाय होते.

"आत्याबाई!"

चंद्राबाई आली, बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "गोचड हाय. उदबत्ती आण, चटका दिला की सुटती."

"कानाला चटका?"

"मग आसंच ठिव. पोट भरलं की पडंल."

अंजनाला दोन्ही पटेना. गाय गेली ती गोचिडीनंच, असं गुरांचे डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. म्हणजे आता पोर. तिनं छबीला कडेवर घेतलं आणि चप्पल न घालता सुटली. ती थांबली ती पलूसच्या गुरांच्या दवाखान्यापाशी.

दारात एक म्हैस, दोन बैल, एक लंगडी शेळी, आणि त्यांच्या मागे नंबर धरून उभी अंजना. शेळीवाला म्हातारा म्हणाला, "बाई, हितं जनावरं बगत्यात."

"म्हाईत हाय मला," अंजना म्हणाली, आणि मगच तिच्या लक्षात आलं की खरंच, आपण कुठं आलोय. पण परत फिरावं तर म्हैसवाला हसत होता. त्यामुळे ती उभीच राहिली.

डॉक्टर यल्लाप्पा कांबळे वयानं तिच्याएवढेच. त्यांनी म्हशीच्या पोटातून हात काढला, धुतला, आणि विचारलं, "पेशंट कोण?"

अंजनानं छबीचा कान पुढे केला. ते हसले नाहीत, यासाठी मी त्यांना आजही मानतो.

"कधी चिकटली?"

"सकाळी न्हाऊ घातली तवा नव्हती."

"म्हणजे चार तासांची. चिमटा आहे का? माझा उकळत ठेवलाय."

तिनं मला जुडग्यातून सोडवून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला स्पिरिटनं पुसलं. "बघा ताई. अंगाला धरायचं नाही, पोट दाबलं की तिच्या पोटातलं आत जातं. चटका, रॉकेल, काही नको. कातडीला टेकवून तोंडापाशी धरायचं. पिळायचं नाही. सरळ वर." मी टेकलो, धरलं, आणि ती आली. आठही पाय हलवत, अख्खी, रिकामी.

"हिला ताप येईल का?" अंजनानं विचारलं.

"तुमच्या गाईला आला तो ताप माणसाला होत नाही."

पोरीचं ओझं उतरलं तसं तिला गाईचं आठवलं. "मग गाईला कसा आला? बैलांच्या अंगावर तर गाईपेक्षा जास्त गोचिडी."

डॉक्टरांनी बाहेरच्या बैलाच्या अंगावरून एक टच्च फुगलेली गोचीड आणली. खिडकीपाशी एका डोळ्याचं जुनं सूक्ष्मदर्शक होतं, खालचा आरसा त्यांनी उन्हाकडे वळवला. काचेवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला, मला गोचीड धरून ठेवायला सांगितलं, म्हणजे माझ्यावर दाब दिला, आणि सुईनं तिची पाठ उघडली. आत द्राक्षाच्या घडासारखे दोन पांढरे झुबके निघाले.

"ही तिची थुंकीची गाठ," ते म्हणाले. "लहानपणी ही तुमच्या खिल्लाराचं रक्त पिते. खिल्लाराच्या रक्तात या तापाचा जंतू असतो, पण त्यांची जुनी ओळख, तो बैलाला त्रास देत नाही. रक्ताबरोबर तो गोचिडीच्या पोटात जातो. गोचीड पडते, भिंतीच्या भेगेत जाऊन कात टाकते. तोवर जंतू पोटातून निघून या झुबक्यात येऊन झोपतो. महिनोन्‌महिने झोपतो. मग ती मोठी होऊन कालवडीवर चढते, तोंड रुतवते, ऊन ऊन रक्त आत यायला लागतं, आणि तो जागा होतो."

"आणि लगेच कालवडीत जातो?"

"नाही. हेच तर आहे. जागा झाल्यावर त्याला पिकायला दोन-तीन दिवस लागतात. एकाचे हजारो होतात, तेव्हा कुठे थुंकीबरोबर उतरतात. पहिल्या दोन दिवसांत ती नुसती पिते. द्यायला तिच्याकडे काही नसतं."

अंजनानं बोटांवर वार मोजले. मग हळू म्हणाली, "आमी सोमवारी काढतो."

"दर सोमवारी?"

"फक्त सोमवारी. आन फक्त फुगलेल्या."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. चांगले आठ दिवस पोसून, जंतू पिकवून, तो उतरवून झाल्यावरच या घरात गोचीड काढली जात होती, आणि बारकी, जिला अजून काही देता येत नव्हतं, ती मोठी व्हायला सोडली जात होती. त्यात माझाही हात होता. हात नव्हे, तोंड.

घरी येताना ती वाटभर स्वतःशी वाद घालत होती. आपण सांगितलं तर ऐकतील का? बीजाचंही आपणच सांगितलं होतं. परत चुकलं तर?

संध्याकाळी चंद्राबाई दुधाला विरजण लावत होती. अंजना चुलीपाशी बसली. "आत्याबाई, विरजण घातलं की लगीच दही होतं का?"

"येडी का तू?"

"किती वेळ लागतो?"

"ऊन दूध आसलं तर सकाळपातुर. का?"

"गोचिडीच्या तोंडात तापाचं विरजण आसतं. कालवडीचं ऊन रक्त लागलं की ते लागायला लागतं. दोन दिसात लागत न्हाई, तिसऱ्या दिशी लागतं. आपण आठव्या दिशी भांडं उचलतो."

चंद्राबाईनं भांड्यावर झाकण ठेवलं.

"मंजी रोज काढाय पायजे म्हन की."

"रोज. आन बारक्या आधी."

"रोज रिकामं कोन हाय हितं?" चंद्राबाई म्हणाली आणि उठून गेली.

पण नानासोंनी दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या भिंतीच्या भेगा चुन्यामातीनं लिंपल्या आणि बदामीला बैलांपासून लांब, पडवीत बांधलं. आणि अंजना रोज सकाळी धार काढून झाली की मला घेऊन बदामीपाशी बसायला लागली. कान, मानेखाली लोंबणारी पोळी, पुढच्या पायांच्या काखा, कास. बोटानं चाचपायचं, मग मी. शेजारची हरणाबाई येता-जाता म्हणायची, "पोरीच्या उवा बगायच्या सोडून कालवडीचं डोस्कं बगत बसलीया." अंजना हसायची आणि आतून खचायची. मला माहीत आहे, कारण अशा दिवशी ती तीच जागा तीनदा तपासायची. बदामीला मात्र आवडायचं. मान लांब करून डोळे मिटायची.

आषाढात साताऱ्याहून, अंजनाच्या माहेरून, सांगावा आला: वडील न्हाणीत घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. अंजनाला जाणं भाग होतं. सोमवारी सकाळी तिनं बदामी तपासली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी बुधवारी येते. मंगळवारी एकदा..."

"जा तू. आमी काय आज गुरं बगाय लागलोय?"

यात हो आहे की नाही, हे अंजनाला एस.टी.त बसल्यावरही कळलं नाही.

साताऱ्यात पहिल्या संध्याकाळी तिनं कमरेचं जुडगं काढून उशाला ठेवलं, आणि मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. चिमटा इथं. बदामी तिथं. सासूचे डोळे मोतीबिंदूचे, तिला ताटातला खडा दिसत नाही, तिळाएवढी गोचीड काय दिसणार.

त्यात पाऊस धरला. बुधवारी कृष्णेला पाणी आलं आणि पलूसकडच्या गाड्या बंद झाल्या. बुधवार गेला, गुरुवार गेला. अंजना बोटं मोजायची. सोमवारी संध्याकाळी डसलेली, तर गुरुवारी संध्याकाळी तीन दिवस. तिची आई म्हणाली, "अगं, तुझी पोर तुझ्या मांडीवर आहे, बाप शुद्धीवर आहे, मग घोर कसला?" अंजना म्हणाली, "काही नाही." कालवडीसाठी रडतेय असं सांगायची तिला लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी गाडी सुटली. घरी पोचली तेव्हा दिवस मावळायला अजून घटकाभर होता. पाय न धुताच ती पडवीत गेली. चंद्राबाई बदामीपाशी बसलेली होती, दोन्ही हात तिच्या मानेच्या पोळीत.

"आलीस?" ती वर न बघता म्हणाली. "चिमटा घिऊन गेलीस व्हय गं? सगळं घर पालथं घातलं म्यां."

"मग?"

"मग काय. त्या कोनाड्यात बग."

भिंतीच्या कोनाड्यात पळसाच्या पानांच्या चार पुड्या होत्या. अंजनानं एकेक उघडली. मंगळवारच्या पुडीत पाच. बुधवारी तीन. गुरुवारी सहा. आजच्या पुडीत दोन. सगळ्या तिळाएवढ्या, चपट्या. एकही फुगलेली नव्हती.

"दिसल्या कशा तुम्हांला?"

"दिसत्यात कुठं. बोटाला लागत्यात. नखानं धरली, सरळ वर." चंद्राबाईनं बोट उचलून दाखवलं. नखाची कड काळी पडली होती. "तू इस्वास ठिवनार न्हाईस, म्हून पुड्या ठिवल्या."

अंजना तिथंच खाली बसली. तिनं पुड्या पुन्हा बांधायला घेतल्या, जणू त्या कुणाला पाठवायच्या होत्या.

पण ताप यायचा तर तीन आठवड्यांपर्यंत कधीही येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मानसिंगनं पलटणीतून पाठवलेल्या कॅलेंडरवर ती रोज एक फुली मारायची. रोज हाताची पाठ बदामीच्या कानाला, मग बोटं खांद्यापुढच्या गाठीवर.

बाराव्या दिवशी सकाळी बदामीनं वैरणीला तोंड लावलं नाही. हंबरत राहिली. दाव्याला हिसके देत, डोळे मोठे करून, गोल फिरत. अंजनानं कानाला हात लावला. ऊन. गाठ चाचपली, तिला ती कालच्यापेक्षा मोठी लागली. तिनं शेजारच्या माणसाला सायकलवर डॉक्टरांकडे धाडलं आणि गव्हाणीला टेकून बसली. मी कमरेला होतो. तिचा श्वास मला लागत नव्हता.

"माझंच चुकलं," ती बदामीला म्हणाली. "पुस्तकात वाचून कुणी गाई पाळतं का."

चंद्राबाई ओढ्यावरून धुणं घेऊन आली. धुणं ठेवलं. बदामीच्या पुढे नाही, मागे गेली. शेपूट उचलली. आणि हसायला लागली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला, मग भिंतीला हात दिला.

"आत्याबाई, हसताय काय?"

"अगं शिकल्याले," तिला बोलता येईना, "ताप न्हाई ह्यो. माजावर आलीया तुजी लेक."

तेवढ्यात डॉक्टर पोचले, घामानं निथळत. त्यांनी तरी रीतसर थर्मामीटर लावला, गाठ दाबली, पापणी उलटून लाली बघितली. मग पिशवी बंद करत म्हणाले, "ताई, हिला काही झालेलं नाही. ही मोठी झाली आहे. संध्याकाळी मला परत यावं लागणार, दुसऱ्या कामाला, बीज घेऊन."

अंजनानं पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढला. त्याखाली ती हसत होती की रडत होती, ते फक्त मला माहीत आहे, आणि मी सांगणार नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. बदामीचं दुसरं वेत चालू आहे. मागच्या रजेत मानसिंगनं स्टीलचा चकचकीत चिमटा आणला. अंजना तोच वापरते, आणि ते योग्यच आहे. माझं एक टोक वाकलंय, बारकी गोचीड फटीतून निसटते. मला आता चंद्राबाई घेऊन बसते. तिला माझी गरज नाही, तिची बोटं पुरतात. कधीमधी कुणी बघत नसलं की माझ्याकडून हनुवटीवरचा एखादा पांढरा केस काढून घेते. मला चालतं. या वयात काम कुठलं का असेना.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. तुमच्या गोठ्यात हात फिरवताना बोटाला तिळाएवढं काही लागलं, तर हे बारकं आहे, मोठं होऊ दे, असं म्हणू नका. चिमटा नसला तर नख आहे. कातडीला टेकवा, दाबू नका, सरळ वर घ्या. ती अजून रिकामी आहे. तिच्याकडे द्यायला अजून काही नाही.

आजच उचला.